महिन्याचा पैसा आणि बाईचा हिशोब



महिन्याचे पैसे खात्यावर आले का, हे विचारायला आपण एकमेकींना फोन करतो. बँकेपुढे रांग लागते. मशीनवर अंगठा उमटत नाही म्हणून कुणी पुन्हा हात धुऊन येते. आणि तिथेच पारावर बसलेलं कुणीतरी म्हणतं, "फुकटचं मिळायला लागलं, आता बायका कामाला कशाला येतील?" दुसरा म्हणतो, "साड्या नि टिकल्यांत घालवतील."

हे बोलणं तुम्ही ऐकलं असेल. आपल्याला वाटतं, योजना नवी म्हणून टोमणाही नवा. पण तो दीडशे वर्षांचा जुना आहे. गरिबाच्या हातात रोख पैसा द्यायची वेळ आली की दर वेळी शंका निघाली, ही माणसं आळशी होतील, पैसा उधळतील. आणि त्या पैशाचं घराघरांत खरंच काय झालं, हे जिथे कुणी नीट पाहिलं, तिथे चित्र वेगळं निघालं. आजच्या भागात तोच इतिहास पाहू.

आधी काम, मग मदत

सुरुवात १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळापासून करू. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. दख्खनमध्ये पाऊस गेला, पिकं गेली, गुरं गेली. सरकारने रस्त्यांची, तलावांची दुष्काळी कामं काढली. आता मजुराला द्यायचं किती? सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने ठरवलं, दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. दिवसभर माती उपसणाऱ्या आणि खडी फोडणाऱ्या माणसाला एवढ्यावर राहायचं होतं. जास्त दिलं तर लोक ऐदी होतील, गरज नसलेलेही येतील, अशी सरकारला भीती होती.

१८७७ च्या सुरुवातीला आपल्या भागातल्या मजुरांनी या मजुरीवर काम करायला नकार दिला आणि कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, ते गणेश वासुदेव जोशी या सभेचे पुढारी होते.

पुढे १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि दुष्काळात काय करायचं याचे नियम लिहिले गेले. त्या नियमांनी गरिबांचे दोन भाग केले. जो धडधाकट आहे त्याने काम करावं आणि मजुरी घ्यावी. जो म्हातारा, आजारी, अपंग आहे, त्याला काम न करता मदत मिळावी. ही वाटणी आपल्याकडे पुढे फार काळ टिकली.

१९७२ चा दुष्काळ तर तुमच्या घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. आपल्या आज्या, सासवा, आत्या या दुष्काळी कामांवर गेल्या. सुकडी खाऊन त्यांनी पाझर तलावांची आणि रस्त्यांची माती वाहिली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. त्याआधी १९६५ मध्ये वि. स. पागे यांच्या पुढाकाराने सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला होता. त्यातूनच पुढे रोजगार हमी आली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. शेतमजुरीत बाईच्या पदरात बऱ्याचदा धान्यच पडायचं. इथे हजेरीपटावर तिचं नाव आलं आणि तिच्या कष्टाचा पैसा रोख मोजला गेला. ही मोठी गोष्ट होती.

पण जिच्याने खडी फोडवत नाही तिचं काय? नवरा वारला, टाकून गेला, हातपाय चालत नाहीत, अशांसाठी महाराष्ट्र सरकारने १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना काढली. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन सुरू झाली, तेव्हा ती महिन्याला ७५ रुपये होती. निराधारचं अनुदान बरीच वर्षं ६०० रुपयांवर अडकून होतं. २०१९ मध्ये ते १,००० झालं आणि २०२३ मध्ये १,५००.

या पैशाचं निराधार बाई काय करते, हे आपल्यापैकी प्रत्येकीने आपल्या गल्लीत पाहिलंय. रक्तदाबाच्या गोळ्या, चहा-साखर, तिखट-मीठ, नातवाच्या हातावर दहा रुपये. तिची तक्रार रकमेबद्दल असतेच, पण त्याहून जास्त तारखेबद्दल असते. दोन-तीन महिने काहीच नाही आणि मग एकदम. मधल्या काळात ती दुकानदाराकडे उधारी करते. पैसा आला की आधी उधारी फिटते आणि हात पुन्हा रिकामे. तारखेचं हे दुखणं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पैसा कुणाच्या हातात?

आता थोडं लांब, इंग्लंडला जाऊ. कारण पैसा घरात कुणाच्या हातात द्यायचा, यावर तिथे मोठा झगडा झाला आणि तो एका बाईने लढवला.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. पुरुष सैन्यात गेले. मागे राहिलेल्या त्यांच्या बायकांना सरकार दर आठवड्याला थेट पैसे देऊ लागलं. मुलं जास्त तर पैसे जास्त. लिव्हरपूल नावाच्या बंदराच्या शहरात एलिनॉर रॅथबोन ही कार्यकर्ती या पैशांच्या वाटपाचं काम बघत होती. तिथेही लोक म्हणत होते की बायका दारूत पैसे उडवतील. रॅथबोनने घरं पाहिली. एरवी नवऱ्याने पगारातून काय काढून दिलं त्यावर संसार चालायचा. आता ठरलेल्या दिवशी, ठरलेली रक्कम, बाईच्या स्वतःच्या हातात पडत होती. त्यावर तिने घर सांभाळलं, पोरं सांभाळली.

युद्ध संपलं. पण रॅथबोनने मुद्दा सोडला नाही. तिचं म्हणणं साधं होतं. मुलं वाढवणं हे काम आहे, ते देशासाठी आहे आणि त्याचा खर्च एकट्या घरावर टाकू नये. १९२४ मध्ये तिने यावर पुस्तक लिहिलं. १९२९ मध्ये ती खासदार झाली. १९४५ मध्ये अखेर कुटुंब भत्त्याचा कायदा आला, दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग. पण सरकारच्या मसुद्यात हा पैसा बापाच्या नावावर होता! ज्या बाईने इतकी वर्षं या कायद्यासाठी घालवली, तीच उभी राहिली आणि म्हणाली, असा कायदा असेल तर मी विरोधात मत देईन. संसदेत वाद झाला, खासदारांना मोकळेपणाने मत देऊ दिलं आणि पैसा आईच्या नावावर झाला.

१९४६ च्या जानेवारीत रॅथबोन वारली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोस्टाच्या खिडकीवर आयांना पहिले पैसे मिळाले. ते पाहायला ती नव्हती. पण पुढे १९९७ मध्ये मेक्सिकोने आणि २००३ मध्ये ब्राझीलने गरीब घरांना रोख पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनीही पैसा मुख्यतः आईच्याच हाती दिला. त्यांनी एक अट मात्र घातली, मुलांना शाळेत पाठवा, दवाखान्यात न्या.

म्हणजे अजून एक प्रश्न उरला. काहीच अट घातली नाही तर? हा पैसा तुमचा, हवा तसा वापरा, असं सांगितलं तर गरीब माणूस काय करेल? हे आपल्याच देशात, आपल्या शेजारी, मध्य प्रदेशात पाहिलं गेलं.

मध्य प्रदेशातली आठ गावं

'सेवा' ही संघटना तुम्हाला माहीत असेल. १९७२ मध्ये इला भट्ट यांनी अहमदाबादला कष्टकरी बायकांची ही युनियन उभी केली. १९७४ मध्ये चार हजार बायकांनी दहा-दहा रुपये भांडवल घालून स्वतःची सेवा बँक काढली. दहा रुपयांचं मोल बचत गटाच्या बाईला वेगळं सांगायला नको.

याच सेवाने युनिसेफच्या पैशातून २०११ मध्ये इंदूरच्या आसपासच्या आठ गावांत एक प्रयोग सुरू केला. गावातल्या प्रत्येक माणसाला दर महिन्याला पैसे. गरीब-श्रीमंत, जात, जमीन काही बघायचं नाही. मोठ्या माणसाला २०० रुपये, लहान मुलाला १००. बाईचा पैसा बाईच्या नावावर, नवऱ्याचा नवऱ्याच्या आणि मुलांचा पैसा आईकडे. एका वर्षाने ही रक्कम ३०० आणि १५० केली. म्हणजे नवरा-बायको आणि तीन मुलं असं घर असेल तर महिन्याला आधी ७०० आणि नंतर १,०५० रुपये. एका आदिवासी गावातही वर्षभर असाच प्रयोग झाला. रेशन बंद केलं नाही. पैसा रेशनच्या जोडीला होता, त्याच्या बदली नव्हता. तुलना करण्यासाठी पैसे न मिळालेली तशीच दुसरी गावंही पाहिली.

सुरुवातीला लोकांचा विश्वास बसेना. कुणी फुकट पैसे का देईल? यात काही डाव तर नाही? आपणही असंच म्हटलं असतं. पण ठरलेल्या वेळी पैसे येत गेले तसा विश्वास बसला. सुमारे दीड वर्ष हे चाललं आणि पाहणी करणाऱ्यांनी घरोघरी जाऊन विचारलं.

काय दिसलं? आधी ताटात फरक पडला. डाळ, भाजी, अंडी वाढली. वयाच्या मानाने वजन बरोबर असलेल्या मुलांचं प्रमाण वाढलं आणि मुलींमध्ये हा फरक जास्त दिसला. घरात खायला कमी असलं की आधी कुणाच्या ताटातलं कमी होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून थोडं जास्त आलं तेव्हा ते मुलीच्या ताटापर्यंत पोचलं, याला फार अर्थ आहे.

मग घराकडे लक्ष गेलं. भिंती, छप्पर, संडास, वीज. दुखणं अंगावर काढणं कमी झालं, औषधाचा डोस पुरा होऊ लागला. शाळेचे कपडे, बूट, वह्या, जाण्यायेण्याचा खर्च निघू लागला. सावकाराकडे जाणं कमी झालं, थोडी शिल्लक पडू लागली.

आणि काम? पारावरच्या माणसाचा प्रश्न तोच होता ना. लोकांनी काम सोडलं नाही. उलट ज्यांच्याकडे तुकडाभर जमीन होती पण बियाण्याला पैसे नव्हते, ते दुसऱ्याच्या रानातली मजुरी कमी करून स्वतःच्या रानात राबू लागले. बियाणं आलं, खत आलं. शेळ्या, कोंबड्या आल्या. दारूवरचा खर्च वाढल्याचं पाहणीत आढळलं नाही.

सातशे रुपयांत एवढं कसं झालं? कुणी श्रीमंत झालं नाही, हे आधी सांगते. पण गरीब घरात अडून राहिलेल्या गोष्टी बऱ्याचदा लहान असतात. दोनशेचं बियाणं नाही म्हणून रान पडीक. पाचशेचं औषध नाही म्हणून दुखणं वाढतं आणि पाच हजारांचं होतं. वेळेवर आलेले थोडे पैसे तिथे मोठ्या पैशाचं काम करतात. सावकार तरी दुसरं काय विकतो? वेळेवर पैसा. आणि त्याची किंमत तो व्याजात घेतो.

आता आपल्या खात्यावर

१ जानेवारी २०१३ पासून केंद्र सरकारने मदत थेट बँक खात्यात द्यायला सुरुवात केली. ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन खाती आली. २०१९ मध्ये शेतकऱ्यांना वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळू लागले. पण शेतकरी कोण? ज्याच्या नावावर सातबारा आहे तो. म्हणजे पेरणी, खुरपणी, काढणी बाईची आणि हप्ता बहुतेक घरांत पुरुषाच्या खात्यावर. २०२० च्या टाळेबंदीत एप्रिल ते जून बायकांच्या जनधन खात्यांवर महिन्याला ५०० रुपये आले.

बायकांना महिन्याला रोख पैसे द्यायच्या राज्यांच्या योजना त्याआधीच सुरू झाल्या होत्या. शेजारच्या गोव्यात २०१२ मध्येच गृह आधार योजना आली, घर चालवणाऱ्या बाईला महागाईत हातभार म्हणून. २०२१ मध्ये पश्चिम बंगाल, २०२३ मध्ये मध्य प्रदेश, कर्नाटक आणि तमिळनाडू यांनी अशा योजना काढल्या. तमिळनाडूने योजनेच्या नावातच 'उरिमै' हा शब्द घातला. उरिमै म्हणजे हक्क. जुलै २०२४ मध्ये आपल्याकडे माझी लाडकी बहीण आली, महिन्याला १,५०० रुपये.

कुणी याला भेट म्हणतं, कुणी ओवाळणी, कुणी हक्क. नावात काय आहे असं म्हणू नका. भेट देणारा आपल्या सवडीने देतो, मनात आलं तर थांबवतो. हक्काच्या पैशाला तारीख असते, आणि तो थांबला तर का थांबला, हे विचारता येतं.

गटांच्या बैठकीत मी बायकांना विचारते, हा पैसा सलग वर्षभर, न चुकता येणार असेल तर काय कराल? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. किराण्याची मागची उधारी आधी फेडीन. सासूच्या गोळ्या. मुलीला कॉलेजला जायचं गाडीभाडं. एक शेळी घेईन. शिलाई मशीनला मोटर बसवीन. न्हाणीला दार लावीन. एकीने तर सगळं बोलून झाल्यावर हळूच सांगितलं, मला चष्मा करायचाय, सुईत दोरा जात नाही. साडी आणि टिकली कुणी म्हटलंच तर ते शेवटी, आणि तेही हसत. खरं तर तिने घेतली एखादी साडी, तरी बिघडलं कुठे?

मध्य प्रदेशातल्या घरांचा क्रम आणि आपल्या बायकांचा क्रम ताडून बघा. पोट, उधारी, दुखणं, मूल, डोक्यावरचं छप्पर आणि मग कमाईचं एखादं साधन. हा हिशोब बायकांच्या डोक्यात आधीपासून तयार असतो, त्यांना कुणी शिकवावा लागत नाही. कमी असते ती खात्री. पुढच्या महिन्यात येतील का, हेच ठाऊक नसेल तर शेळीसाठी साठवणार कशी? आली ती रक्कम आजच्या भोकात जाते. मग लोक म्हणतात, बघा, पैसे उडाले.

दोन गोष्टी जपायच्या

पहिली गोष्ट, रोख मदत सगळ्यावरचं औषध नाही. उपकेंद्रात नर्स नसेल, शाळेत शिक्षक नसतील, तर दीड हजारांत ते विकत मिळत नाही. म्हणून कुणी म्हणालं की पैसे घ्या आणि रेशन सोडा, दवाखान्याचं बोलू नका, तर आपण सावध राहायचं. आज दीड हजारांत जेवढं येतं तेवढं चार वर्षांनी येणार नाही. रेशनचं किलोभर धान्य मात्र किलोभरच राहतं.

दुसरी गोष्ट, पैसा बाईच्या खात्यावर आला म्हणजे तिच्या हातात आला, असं समजू नका. कार्ड कुणाकडे आहे? मोबाईल नंबर कुणाचा जोडलाय? पिन कुणाला ठाऊक? काही घरांत पैसे आल्याचा मेसेज मुलाच्या फोनवर येतो आणि आईला चार दिवसांनी कळतं. काही ठिकाणी हप्तेवाला पैसे आल्याच्या दिवशीच दारात उभा असतो. रॅथबोनने संसदेत जी लढाई लढली, तिचा उरलेला भाग आपल्या चुलीपुढे लढायचा आहे आणि तो भांडून कमी, समजावून जास्त.

म्हणून येत्या बैठकीत एक काम करा. वही घ्या. प्रत्येकीने तीन रकाने करायचे. पैसा कोणत्या तारखेला आला, कशाला गेला आणि पुढचे सहा महिने आला तर कशाला लावायचा आहे. जिला लिहिता येत नाही तिचं शेजारणीने लिहावं, पण सांगायचं तिने. पासबुक भरून आणायचं. खात्यातून न कळता काही कापलं गेलं असेल तर तारखेसह टिपून ठेवायचं आणि सगळ्यांचं मिळून ग्रामसंघाकडे न्यायचं. जनधन खात्यात कमीत कमी शिल्लक ठेवायची सक्ती नसते, हेही सगळ्यांना सांगा. ज्यांचं नाव यादीतून गळलंय त्यांची वेगळी यादी करा. गळलेली बाई बहुतेक वेळा एकटी, म्हातारी किंवा बाहेरगावी कामाला गेलेली असते. तिच्यासाठी बोलायला गटाशिवाय कुणी नसतं.

सहा महिन्यांनी त्या वह्या एकत्र वाचा. दुष्काळाच्या काळात गरिबांचा हिशोब साहेबांनी लिहिला. मध्य प्रदेशात पाहणी करणाऱ्यांनी लिहिला. आपल्या गावाचा हिशोब आपल्या हाताने लिहिलेला असू दे. मग पारावर कुणी काही बोललं, तर वही पुढे करता येईल.

वहीत काय निघालं ते आम्हाला कळवा, पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू.